पहिली वेळ कधी

मुरुम,
मंगळवार

प्रिय शिवम्मा अक्का,

शरणु शरणार्थी. फोन न करता पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. मागच्या वेळी मी फोन केला तेव्हा तुमच्याकडं भुवनाला पाहायला आलेली माणसं बसली होती. तुम्ही हळू आवाजात एवढंच विचारलंत, "पेपरात नाव आलंय का गं?" मी नाही म्हणाले, आणि तुम्ही "मग करते नंतर" म्हणून फोन ठेवलात. त्यानंतर तुमचा फोन आला नाही. मला त्याचा राग आलेला नाही. मुलीचं जमत असताना घरात फोनवर काय बोलता येतं आणि काय नाही, ते मला कळतं. आमच्या शेजारच्या हमिदाबी गुरुवारी आळंदला दर्ग्याला जाणार आहेत. त्या हे पत्र तुमच्याच हातात देतील, भाऊजींच्या नाही. घाई करू नका. घरात कुणी नसेल तेव्हा वाचा.

गौरी बरी आहे. चौथीत गेली. पप्पा कुठं आहेत असं कुणी विचारलं तर ती "धाराशिवला, दवाखान्यात" असं सांगते. ते खरंच आहे, त्यामुळं मला तिला काही वेगळं शिकवावं लागलं नाही. माझे शाळेतले तास चालू आहेत. मोटार वाइंडिंगचं दुकान बंद आहे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या मोटारी मी ज्याच्या त्याला परत नेऊ दिल्या. आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वाचताना खटकायला नको. इतकी वर्षं मी तुमच्या भावाला 'हे' म्हणत आले. पण या तीन महिन्यांत पोलीस ठाण्यात, कोर्टात, दवाखान्यात, जिथं जाईन तिथं "हे म्हणजे कोण? नाव सांगा" असं विचारलं गेलं, आणि नाव घेऊन बोलायची सवय झाली. म्हणून या पत्रात मी विरेश असंच लिहिणार आहे. तुम्हाला बरं वाटलं नाही तरी चालवून घ्या.

तुमच्यापर्यंत आलंय ते एवढंच की विरेशनं पिऊन लाइनमनला मारलं आणि पोलिसांनी त्याला धरलं. ते खोटं नाही, पण ते शेवटचं टोक आहे. सुरुवात संक्रांतीच्या आसपास झाली. त्याची झोप गेली. मला वाटलं, हंगाम आहे, शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन एकामागून एक येतात, कामाचा ताण असेल. पण काम उरकतच नव्हतं. दिवसभर मोटारीत तांब्याची तार भरायची आणि संध्याकाळी भरलेली सगळी उलगडून टाकायची, असं चाललं होतं. विचारलं तर म्हणायचा, "आतून बोलायलेत. आधी ते बंद होऊ दे, मग भरतो." पुढं त्यानं घराच्या मीटरवर पोतं बांधलं. मग पंखा बंद, टीव्ही बंद. माझ्या मोबाइलचा चार्जर गल्लीत फेकून दिला. तारेतून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतं आणि आपल्याला शिव्या देतं, असं त्याला पक्कं वाटत होतं. गौरीला गणित समजावतो तसं तो मला ते समजावून सांगायचा, न चिडता, परत परत. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

दारू त्यानंतर आली. हा क्रम लक्षात ठेवा अक्का, कारण पुढं सगळं यावरच येऊन अडलं आहे. मित्रांच्या लग्नातही ज्यानं कधी ग्लास हातात धरला नाही, तो भर दुपारी पिऊन यायला लागला. प्यायल्यावर आवाज जरा लांब जातात, असं तो म्हणायचा. गल्लीला आवाज ऐकू येत नव्हते, वास येत होता. "वाइंडिंगवाला प्यायला लागला" एवढं म्हटलं की लोकांना सगळं समजल्यासारखं होतं, पुढं कुणी काही विचारत नाही. माझा भाऊ आला, तोही म्हणाला, याला व्यसन सोडवायच्या ठिकाणी नेऊन टाक, दोन महिन्यांत सरळ होईल. मी चौकशी सुरू केली होती. तेवढ्यात ते झालं.

होळी होऊन गेली होती. मीटरवर पोतं असल्यानं रीडिंग घेता येत नाही, अशी तक्रार गेली म्हणून वीज कंपनीचा लाइनमन दुपारी दारात आला. बालाजी त्याचं नाव. मी शाळेत होते. त्यानं स्टुलावर चढून पोतं सोडलं आणि मीटरचं झाकण उघडायला हात घातला. विरेश दुकानातून तार ठोकायचा लाकडी हातोडा घेऊन आला. पहिला घाव मीटरवर बसला, दुसरा बालाजीच्या मनगटावर. तो स्टुलावरून उंबऱ्यावर पडला, कपाळ फुटलं, मनगटाची हाडं मोडली. गल्लीतल्या माणसांनी विरेशला धरलं, मारलं, आणि नायलॉनच्या दोरीनं खांबाला बांधलं. विजेच्याच खांबाला. हमिदाबी मध्ये पडून "अरे बिमार है वो, छोडो उसकू" असं ओरडत होत्या, त्यांनाही कुणीतरी बाजूला ढकललं. मी पोचले तेव्हा त्याचा ओठ फाटला होता. तो माणसांकडं बघतच नव्हता, मान वर करून तारेकडं बघत होता. पोलीस आले आणि त्यांनीच त्याला सोडवलं. ते आले नसते तर लोक थांबले नसते, हेही सांगायला हवं. तोंडाला दारूचा वास होता. सरकारी दवाखान्यात तपासून तसं लिहिलं गेलं. कामावर असलेल्या कर्मचाऱ्याला दारूच्या नशेत हत्यारानं मारलं, अशी फिर्याद झाली. तीत एकही वाक्य खोटं नव्हतं.

उमरग्याच्या कोर्टात त्याला उभं केलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी नाव विचारलं. विरेश म्हणाला, "आधी त्यो पंखा बंद करा, मग सांगतो." बाकावरची माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितलं. उन्हाळा लागला होता, सगळे घामानं निथळायला लागले. विरेशनं स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि साहेबांना हात जोडले. साहेब त्याच्याकडं बघून म्हणाले, "यांना वकील आहे का?" वकील नव्हता. विधी सेवेतून फुकट वकील मिळतो, तसा मिळाला. मंजुषा मॅडम. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्या बाहेर आल्या, माझ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, घरी कसा राहतो हा? झोपतो का? एकटाच बोलतो का?" अटक झाल्यापासून 'किती पितो' हे मला प्रत्येकानं विचारलं होतं. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

त्यांनी मला कायदा समजावला तो असा. आपल्यावर काय आरोप आहे हेच ज्याला आजारामुळं कळत नाही, त्याच्यावर तसाच खटला चालवत नाहीत. आधी उपचार, तोवर खटला थांबतो. आणि मारलं त्या वेळी त्याला आजारानं भान नव्हतं असं दिसलं, तर गुन्ह्याकडंही कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं. "पण ताई, दारूला ही सवलत नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या मनानं प्यायला आणि मारलं, तर तो गुन्हाच. आपल्याला दाखवायचंय की आजार आधी होता आणि दारू नंतर आली." कोर्टानं त्याला तपासणीसाठी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तुरुंगातून दवाखान्यात. मला त्या दिवशी एवढंच पुरेसं वाटलं.

शाळेचे तास सांभाळून मी मुरुमहून उमरगा आणि तिथून धाराशिव अशी एसटीनं जात होते. खाटेशेजारी पोलिसांचा पहारा असायचा. एकदा पहाऱ्याचा शिपाई मला म्हणाला, "वैनी, ह्यो माणूस आरोपी वाटत न्हाय बघा. पर मला हितंच बसावं लागतंय." मी म्हटलं, बसा. पहिले काही दिवस विरेश माझ्याशी बोलला नाही. औषधांनी तो नुसता झोपायचा. दारू तुटल्यामुळं हात थरथरायचे, ते वेगळं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीचे उपचार एकदमच करावे लागतात. एकाचं केलं आणि दुसरं सोडलं तर दोन्ही परत येतात. मग हळूहळू त्याची नजर माणसांवर यायला लागली. एके दिवशी मी डबा उघडत होते, तेव्हा तो म्हणाला, "बालाजीचा हात कसाय?" एवढ्या दिवसांत त्याचं ते पहिलं धड वाक्य. मी बघायला गेलेच नव्हते.

म्हणून मी येणेगूरला बालाजीच्या घरी गेले. त्याच्या आईनं, कमलबाईंनी, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. बालाजीचा हात गळ्यात होता. बोटं पुरती मिटत नाहीत, परत खांबावर चढता येईल का ते अजून कुणी सांगत नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, "वैनी, तक्रार म्या मागं घेणार न्हाय. माझा हात गेलाय." मी म्हटलं, त्यासाठी आले नाही, विरेशनं तुमच्या हाताची चौकशी केलीय म्हणून आले. तो म्हणाला, "त्यानं इचारलं?" मी व्हय म्हटलं. मग तो बोलला. "एक सांगतो, कोर्टात बी सांगणार हाय. त्यो मला मारत नव्हता. मीटरला मारत होता. मला वरडून सांगत होता, बालाजी, हात काढ, तुला धरतील ते. माझा हात मधी आला." कमलबाई आतून म्हणाल्या, "मंग काय, आता हात परत येतोय का?" बालाजी म्हणाला, "न्हाय येत. पर हाय ते हाय." मी उठले. तेव्हा कमलबाईंनी चहा टाकला होता, तो पिऊन निघाले.

आता जे सांगायचं त्याच्याजवळ आले आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्यांना कोर्टाला अहवाल द्यायचा होता. त्यांनी विचारलं, "ही पहिलीच वेळ का? याआधी कधी असं झालं होतं?" मी लगेच सांगितलं, नाही. अकरा वर्षांचा संसार आहे, मला माहीत नसेल तर कुणाला असणार? विरेश खाली बघत होता. तो म्हणाला, "तिला माहीत न्हाय, डॉक्टर. अक्काला माहीत हाय."

जे तुम्हाला ठाऊक आहे तेच मी तुम्हाला परत सांगते, कारण मला किती कळलंय ते तुम्हाला कळायला हवं. विरेश एकोणीस वर्षांचा होता. सोलापूरला आयटीआयला होता. मेसमधला रेडिओ त्याच्याशी बोलायला लागला. त्यानं जेवण सोडलं, आणि एकदा तो रेल्वे पुलाजवळ अनवाणी फिरताना सापडला. तेव्हा दारूचा थेंब त्याच्या पोटात गेलेला नव्हता. तुमची आई नव्हती. वडिलांना काही सुचत नव्हतं. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तुम्ही सासरी सांगितलंत की मूल व्हावं म्हणून सोलापूरला डॉक्टरांचं औषध घेते आहे, आणि एक खोली घेऊन भावाला घेऊन राहिलात. त्याला भरवलंत, गोळ्या दिल्यात, दार लावून त्याच्याजवळ बसून राहिलात. सासरी वांझ म्हणून जे बोललं गेलं ते तुम्ही ऐकून घेतलंत आणि त्याचं नाव कुठं येऊ दिलं नाहीत. पुढच्या वर्षी भुवना झाली, तेव्हा आळंदमधल्या बायका सोलापूरच्या त्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला तुमच्याकडं येत होत्या म्हणे. हे सांगताना विरेश हसला. किती तरी महिन्यांनी हसला. डॉक्टरही हसले. मी तेवढी हसू शकले नाही.

पुढचं त्यानं सरळ सांगितलं. बारा वर्षं गोळ्या चालू होत्या, तुम्ही दर महिन्याला आणून देत होता. माझं स्थळ जमलं तेव्हा तुम्ही त्या बंद केल्यात. इतकी वर्षं बरा आहे, आता लग्नघरात कुणाच्या नजरेला पडायला नकोत, म्हणून. मी गौरीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा त्याला कावीळ झाली म्हणून तुम्ही इथं महिनाभर येऊन राहिला होता. ती कावीळ नव्हती, तेच परत आलं होतं. मला आता बरंच काही आठवतं. मला पाहायला आलात तेव्हा तुम्ही स्वयंपाकाचं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "लवकर चिडतेस का गं?" मी नाही म्हणाले, आणि माझ्या आईला वाटलं, किती समजूतदार नणंद मिळतेय. आणि दर फोनला तुम्ही विचारता, "झोपतो ना नीट?" ते मला बहिणीचं प्रेम वाटायचं. प्रेमच होतं ते. फक्त त्याचा अर्धाच अर्थ मला दिलेला होता.

दवाखान्यात मी बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले. राग आला अक्का, खोटं कशाला लिहू. मला सांगितलं असतं तर मी हे लग्न केलं असतं का, याचा मी विचार केला. बहुतेक नसतं केलं. आणि दुसराही विचार केला. मला सांगितलं असतं तर संक्रांतीला त्याची झोप गेली तेव्हाच मी ओळखलं असतं. त्याला त्याच आठवड्यात धाराशिवला नेलं असतं, आणि बालाजीचा हात आज शाबूत असता. हा दुसरा विचार मला अजून जात नाही. माझ्या भावाला मी सांगितलं. तो म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे, लग्न मोडून घे, गौरीला घेऊन घरी चल. मी त्याला थांब म्हटलंय. कायमचं थांब असं म्हटलेलं नाही. तुमच्याशी मला या बाबतीत खरंच बोलायचंय, पण ते या पत्रात नाही. जे झालं ते तुम्ही माझं वाईट व्हावं म्हणून केलं नाहीत, एवढं मला समजतं. एका भावाला वाचवताना तुम्हाला दुसरं काही दिसलं नसेल. आणि त्याला तुम्ही वाचवलंत हेही खरंच आहे. तुम्ही त्या खोलीत बसून राहिला नसतात, तर तो त्या पुलावरून परत आला असता का, कोण जाणे.

आता हे पत्र कशासाठी, ते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी उमरग्याला तारीख आहे. डॉक्टर लिहून देणार आहेत की घरच्या कुणी जबाबदारी घेतली तर त्याच्यावर घरी ठेवून उपचार करता येतील. त्याला उपचारासाठी सोडायचं की परत तुरुंगात पाठवायचं, ते त्या दिवशी ठरेल. सरकारी वकील म्हणतात, हा दारुडा आहे आणि वेडाचं सोंग अटक झाल्यावर सुचलेलं आहे. त्यांचं काम ते करतात. मंजुषा मॅडमना असं माणूस पाहिजे आहे, जे कोर्टापुढं उभं राहून सांगेल की हा आजार दारूच्या कितीतरी वर्षं आधीचा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. सोलापूरचे ते डॉक्टर वारले. मी जाऊन आले, दवाखान्याच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे. तुमचे वडील नाहीत. उरलात तुम्ही. मी हे विरेशला सांगितलं तेव्हा तो एकच शब्द बोलला, "बेडा." नको म्हणायचा तुमच्या दोघांतला कन्नड शब्द, माझ्याशी तो कधी वापरत नाही. मग म्हणाला, "अक्काला बोलवायचं न्हाय. भुवनाचं जमायलंय. मामा येडा हाय म्हणून मोडंल. मी सांगतो कोर्टात, प्यालो होतो, मारलं. संपलं." मी म्हटलं, मग तुरुंगात जावं लागेल. तो म्हणाला, "अक्कानं एकदा माझ्यापायी लई ऐकून घेतलंय. आता न्हाय." तो तसं खरंच सांगेल, अक्का. आता तो इतका बरा आहे की ठरवून खोटं बोलू शकतो. भुवनाचं स्थळ मोडणार नाही असं मी म्हणत नाही, मोडू शकतं. ते कुणाच्या पारड्यात टाकायचं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, मी भुवनाची आई नाही. पण तिला तरी सांगा. तिला हे तिच्या मामाकडून किंवा एखाद्या दवाखान्यात कळू नये. जबाबदारीच्या कागदावर मी सही करणार आहे, ते माझं ठरलंय; त्यापुढचं माझं काही ठरलेलं नाही, आणि तुम्ही आलात म्हणून ते ठरेल असंही नाही. हे पत्र मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. येणार असाल तर त्याला कळवू नका, मीही बोलणार नाही. कोर्टात शेवटच्या बाकावर बसा, आणि त्याचं नाव पुकारलं की लगेच उठून पुढं या. त्याला नको म्हणायला वेळ मिळता कामा नये.

अजून तरी तुमचीच,
शिवप्रिया